उतरंडीतलं बी

आमच्या घरी रोजचा स्वयंपाक कणगीपासून सुरू व्हायचा. दिवेलागणीच्या आधी आजी शेराचं माप घेऊन कणगीपाशी जायची, उद्याची ज्वारी मोजून सुपात ओतायची. मग आईनं ती निवडायची आणि पहाटे जात्यावर दळायची. आई घरची एकुलती सून, पण कणगीला हात लावायचा अधिकार तिला नव्हता. खाणारी तोंडं किती, पाव्हणा कोण येणार, कोण गावाला जाणार, हे सगळं आजीच्या डोक्यात असायचं. मोजून झालं की शेवटच्या मापातली एक मूठ ती परत कणगीत टाकायची. सुगीचे दिवस असले तरी टाकायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "रोजची एक मूठ. वर्साला तीन-चार पायल्या व्हत्यात. अडीनडीला चार दिस निघत्यात. चार दिस लई असत्यात, लेकरा."

चार दिवस किती मोठे असतात ते मला १९७२-७३ साली कळलं. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्या दुष्काळावर शिकलेल्या लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे. पाऊस किती पडला, किती तलाव झाले, किती माणसं कामावर होती, ते त्यांच्या पुस्तकात मिळेल. मला लिहायचं आहे ते आमच्या चुलीपाशी काय झालं ते. कारण दुष्काळ शेवटी चुलीपाशीच येऊन बसतो.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यात, सीना नदीच्या पट्ट्यात. जमीन काळी, पाऊस बेभरवशाचा. आमचा मुलूख रब्बीचा. उत्तरा-हस्ताचा पाऊस झाला, जमिनीत ओल मुरली की शाळूची पेरणी. पुढं थंडीवर आणि त्या ओलीवरच पीक यायचं. माघ-फाल्गुनात काढणी. बी मालदांडीचं. मालदांडी हे मूळचं आमच्याकडचंच गावरान वाण. स्वातंत्र्याच्या आधी मोहोळच्या केंद्रावर त्यातलंच निवडून एक वाण काढलं, त्याचं नाव 'मालदांडी ३५-१'. आजसुद्धा रब्बी ज्वारीत त्याचं नाव पहिलं घेतात. भाकरी पांढरीशुभ्र, गोडीला चांगली, आणि कडबा जनावराला मानवणारा. आमची जमीन सहा एकर, सगळी कोरडवाहू. शाळूच्या कडेनं करडईच्या काकऱ्या असायच्या. करडईला काटे, त्यामुळं जनावर आत शिरत नसे. शिवाय घाण्यावरून वर्षाचं तेल यायचं.

खळ्यावर मळणी झाली की पहिल्यांदा बलुतेदारांचं माप निघायचं, मग बियाणं, मग घरचं. ज्याच्याकडे जास्त धान्य त्याचं पेव असायचं, म्हणजे जमिनीतला खड्डा, आतून शेणामातीनं लिंपलेला, तळाला आणि कडेला कडबा. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, एवढं पोरासोरांनासुद्धा माहीत असायचं. आत कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरून मरतो. आधी तोंड उघडं टाकायचं, मग दोरीनं पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. आमचं पेव नव्हतं. दोन कणग्या होत्या, तुरीच्या काट्यांच्या विणलेल्या, आतबाहेर शेणानं सारवलेल्या. कणगीत भरायच्या आधी ज्वारी चार दिवस कडक उन्हात पडायची. आजी दाणा दाताखाली धरायची. कट्‌कन आवाज आला तर वाळली म्हणायची, नुसता चेपला तर अजून एक ऊन. भरताना थराथरात कडुलिंबाचा पाला, तोही सावलीत वाळवलेला. ओला पाला घातला तर धान्याला वाफ धरते आणि कीड उलट जास्त होते.

आणि घराच्या आतल्या कोपऱ्यात उतरंड होती. खाली मोठं मडकं, त्यावर त्याहून लहान, असं वर गाडग्यापर्यंत. वरच्या गाडग्यात रोजचं लागणारं, मीठ, मिरची, जवस, कारळं, हुलगं. सगळ्यांत खालच्या दोन मडक्यांत बी. शाळूची निवडक कणसं वेगळी बडवून काढलेलं बी आजी गोवरीच्या चाळलेल्या राखेत घोळायची, मडक्यात भरायची, वर लिंबाचा पाला आणि तोंडाला शेणमातीचा लेप. तो लेप पेरणीच्या दिवशीच फुटायचा. आमच्याकडे एकरी पायलीच्या आसपास बी पडायचं, म्हणून सहा एकराला सहा पायल्या. त्यात कधी कमी नाही, कधी जास्त नाही.

खाणं साधंच होतं. सकाळी भाकरी आणि कोरड्यास, दुपारी शेतात भाकरी, चटणी, कांदा, संध्याकाळी भाकरी आणि डाळीचं काहीतरी. कधी हुलग्याचं माडगं, कधी शेंगोळे, पावसाळ्यात तांदुळजा, पाथरी, घोळ असल्या रानातल्या भाज्या, दिवाळीनंतर अंबाडी. शिळी भाकरी टाकायची पद्धत नव्हती. ती ताकात कुस्करायची, नाहीतर कांदा-मिरचीची फोडणी देऊन तुकडे करायचे. चपाती सणाला. भात पाव्हणा आला तर. हे खाणं चांगलं का वाईट, पौष्टिक का काय, असला विचार कुणी करत नव्हतं. जमिनीत जे यायचं ते ताटात यायचं.

पण हेही लिहिलं पाहिजे, की हे सगळं ज्याला जमीन होती त्याचं. आमच्या वाड्यामागं मजुरी करणारी घरं होती. त्यांच्याकडे कणगी कसली आणि उतरंड कसली. खळ्यावरची रास उठली की ते पाचुंद्याखालचे आणि मातीतले दाणे झाडून न्यायचे. आजीची 'एक मूठ' त्यांना शिकवायची गरजच नव्हती, त्यांचं सगळं घरच मुठीवर चालायचं. जुन्या रीतीभातींचं कौतुक करताना हे विसरलं जातं.

बहात्तरच्या आधीची दोन वर्षंही पावसानं धड नव्हती. बाहत्तरच्या माघात कसाबसा शाळू हाती आला, तोही निम्माशिम्मा. आजीनं बियाणं तेवढं पुरं काढलं. मग मृग गेला, आर्द्रा गेल्या, पोळा कोरडा गेला. हस्ताची वाट बघितली, हस्तही फिरकला नाही. जमिनीत ओलच नाही तर पेरायचं कशात? तिफण आढ्याला टांगून राहिली आणि सहा पायल्या बी उतरंडीतच राहिलं. त्या साली लोक म्हणायचे, विहिरीला पाणी आहे पण घरात दाणा नाही. प्यायला पाणी हिकडून तिकडून मिळत होतं, खायला मिळत नव्हतं. पुढच्या दुष्काळांत उलटं झालं. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, पण रेशनचं धान्य दुकानात होतं.

सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. आण्णा, म्हणजे आमचे वडील, आठ-दहा मैलांवर तलावाच्या कामाला गेले, तिथंच पाल ठोकून राहिले. आई गावाजवळच्या रस्त्यावर खडी फोडायची. तिथं जमीनवाला आणि बिनजमिनीचा एकाच ढिगावर बसले. वाड्यातली बाई आणि वाड्यामागची बाई एकाच टोपलीला हात लावत होत्या. आजीला ते जड गेलं, पण ती बोलली नाही. ह्या दिवसांतूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. कल्पना वि. स. पागे यांची, कायदा १९७७ चा, लागू झाला १९७९ च्या २६ जानेवारीला. मागेल त्याला काम, आणि ते उपकार म्हणून नाही तर हक्क म्हणून. तीस वर्षांनी दिल्लीनं देशासाठी तसाच कायदा केला. आमच्या आयांनी फोडलेल्या खडीतून निघालेली ही गोष्ट आहे, एवढं मी अभिमानानं सांगतो.

कामावर सुकडी मिळायची. भाजलेल्या पिठाची, गोडसर, तेलाचा वास येणारी. आम्हा पोरांना ती आवडायची. पदराच्या गाठीत बांधून आई आणायची आणि आम्ही तिची वाट बघत वेशीपर्यंत जायचो. रेशनला मिलो मिळायचा, अमेरिकेहून आलेली तांबडी ज्वारी. दुकानासमोर सकाळपासून पिशव्या आणि दगड रांगेत लावलेले असत. मिलोच्या पिठाला विरी म्हणून नसायची. पाण्यात मळलं तर थापताना भाकरी फाटायची, परातीतून उचलली की तुकडे. आईनं त्यावर तोड काढली. पाणी कढत करायचं, आधण आलं की त्यातलं थोडं पिठात ओतायचं, उलथन्यानं कालवायचं, जरा निवलं की चांगलं मळून लगेच थापायचं. त्यात मूठभर हुलग्याचं पीठ घातलं तर भाकरी जास्त पोटात राहते हेही तिनंच शोधलं. रंग तांबूस, चव तुरट. पण भुकेला कोंडा गोड. ज्या घरात रानातली भाजी ओळखणारी म्हातारी होती, त्या घरातली पोरं जरा बरी राहिली. विहिरीच्या आसपास, ओढ्याच्या ओलीला जे काही उगवायचं ते आजी खुडून आणायची. काय खायचं, काय खायचं नाही, कशाचं पहिलं पाणी उकळून टाकून द्यायचं, हे तिला पाठ होतं.

आता जे सांगायचं आहे ते. माझ्या पाठची बहीण तेव्हा चार वर्षांची होती. त्र्याहत्तरच्या चैतात तिला गोवर आला. गोवर गेला, पण पोटाची कळ राहिली. मिलोची भाकरी तिच्या पोटात ठरेना, सुकडी खाल्ली की जुलाब. पोरगी वाळून गेली. मांडीवर घेतली की नुसती हाडं लागायची. रडायचीसुद्धा नाही, ते जास्त वाईट. वैद्यानं सांगितलं, हलकं द्या, शाळूच्या कण्या द्या, पातळ. घरात शाळू कुठं होता? उतरंडीच्या तळाला होता.

त्या रात्री आई आणि आजीचं झालेलं बोलणं मी पांघरुणातून ऐकलं. आजी माळकरी. आषाढीला पंढरपूरला जायची, मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्ट आम्हाला कितीदा सांगायची. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाची कोठारं भुकेल्या लोकांना लुटवली, ती गोष्ट. आई म्हणाली, "आत्या, दामाजीनं राजाची कोठारं उघडली. तुमच्यानं एक गाडगं उघडंना व्हय?"

आजी लगेच बोलली नाही. मग म्हणाली, "ती कोठारं राजाची व्हती. म्होरल्या साली पेरायचं दामाजीला नव्हतं. हे बी गेलं तर म्होरल्या साली समदंच घर ह्या पोरीवानी हुईल. बी कुठनं आणशीला? कुनाच्या घरात ऱ्हायलंय?"

दोघींचं खरं होतं. मी आज सहासष्ट वर्षांचा आहे, पुष्कळ भांडणं ऐकली, काही मिटवलीही, पण दोन्हीकडून इतकं खरं बोलणं परत ऐकलं नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री मला जाग आली ती जात्याच्या आवाजानं. मूठभर दाण्याचा आवाज होता, लगेच थांबणारा. जात्याचा आवाज लपत नाही. मी डोळे उघडून बघितलं, तर चिमणीच्या उजेडात आई पाठमोरी. तिनं राख धुऊन टाकली होती, दाणे कोरडे केले होते, कण्या काढत होती. सकाळी धाकटीच्या वाटीत पातळ कण्या, मिठाचा खडा, आणि वाड्यामागच्या एका बाईनं दिलेलं चमचाभर शेळीचं दूध. ज्या बाईच्या घरात कणगी नव्हती तिनं ते दिलं, हे मी विसरलो नाही. असं महिनाभर चाललं असेल. दर दोन-तीन दिवसांनी एक चिपटं. आई मडक्याचं तोंड परत शेणानं लिंपून ठेवायची, तसंच्या तसं. आजी दर शनिवारी उतरंड पुसायची. मडक्याचं वजन तिच्या हाताला कळलं नसेल असं मला वाटत नाही. शिवाय ती जात्यापासून चार हातांवर झोपायची. ती एका शब्दानं बोलली नाही. आईही बोलली नाही. धाकटी हळूहळू अंगणात येऊन बसायला लागली.

त्र्याहत्तर साली पाऊस चांगला झाला. हस्तात आण्णांनी तिफण काढली. चाड्यावर मूठ धरायला आई. पहिल्या दोन-तीन तासांना आण्णा मागं वळून म्हणाले, "मूठ बारीक का धरतीस? दाट पडू दे." आईनं काही उत्तर दिलं नाही. तरी शेवटी ओढ्याकडच्या अंगाला अर्धा एकर राहिलं आणि बी संपलं. अर्ध्या एकराची अर्धी पायली, म्हणजे एक अधोली. आण्णा म्हणाले, "सहा पायल्या व्हतं की. मी सोता मोजून दिल्यालं."

आजी बांधावर न्याहारी घेऊन आली होती. ती म्हणाली, "मी खाल्लं. म्हातारपनी जीभ ऐकंना. भाकरी खावीशी वाटली."

आण्णा आजीला कधी उलट बोलले नव्हते. तेव्हाही बोलले नाहीत. पण चार दिवस ते आजीच्या पंक्तीला जेवायला बसले नाहीत. आजीनं ते सोसलं. आई त्या चार दिवसांत दोनदा काहीतरी बोलायला गेली, तर आजीनं हातानंच गप केलं. मला वाटतं, सासूला आपल्या सुनेवर नवऱ्याचा राग यायला नको होता. आणि बी राखायचा आपला नियमही मोडायला नको होता. तिनं दोन्ही राखलं आणि दोष स्वतःकडे घेतला. आण्णा गेले तोवर त्यांना हे माहीत नव्हतं.

त्यानंतर सगळं भराभर बदललं. संकरित ज्वारीचं पहिलं वाण १९६४ साली निघालं होतं, पण आमच्याकडे खऱ्या अर्थानं हायब्रीड आलं ते दुष्काळानंतर. पायलीला पायली जास्त पिकायचं, त्यामुळं कुणी नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. भुकेनं होरपळलेल्या माणसाला चव विचारायची नसते. पण ती खरिपाची ज्वारी, कणीस भरताना पावसात सापडली की दाणा काळा पडायचा. भाकरीही काळपट. आजी ती खायची, फक्त म्हणायची, "पोट भरतंय, पर मन भरत न्हाई." १९८० साली उजनी धरण पुरं झालं, पुढं आमच्या भागात हळूहळू पाणी फिरलं आणि ऊस आला. मीही लावला. पोरांची शिक्षणं, विहीर, पक्कं घर, सगळं उसावर झालं, ते नाकारून चालणार नाही. शाळू दोन एकरावर आला, मग एकरावर, मग बंद. त्याला कारणं होती. शाळू मुळासकट उपटायचा असतो. हाताची सालटी निघतात. त्याला माणसं मिळेनात. एकट्याचं एकर असलं की सगळ्या शिवारातली पाखरं त्याच्यावरच. आणि रेशनला गहू-तांदूळ स्वस्त मिळायला लागला. २०१३ च्या कायद्यानं तर गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो झाला.

कणगी मोडली, उतरंड फुटली, पत्र्याच्या कोठ्या आल्या. चपाती रोजची झाली. भाकरी म्हणजे गरिबी, ही लाज आमच्याच मनात बसली होती. पाव्हण्यासमोर भाकरी वाढली तर बायको नाराज व्हायची. घाण्याचं करडईचं तेल गेलं, पिशवीतलं तेल आलं आणि ते दुप्पट लागायला लागलं. चहा दिवसातून पाच वेळा, त्यात आपल्याच उसाची साखर. तांदुळजा आणि घोळ आम्ही तण म्हणून औषध मारून जाळली. बियाणं पिशवीतून येतं, लाल-निळं, विषारी औषध चोळलेलं. ते किडीपासून वाचतं, पण अडीनडीला पोराच्या वाटीत घालता येत नाही. हा फरक मला फार मोठा वाटतो.

पन्नाशी ओलांडल्यावर मला साखरेचा आजार निघाला. तालुक्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "गहू-भात कमी करा, ज्वारीची भाकरी खा, पालेभाजी, कडधान्य खा." मी मनात म्हटलं, हे सांगायला एवढं शिकावं लागलं. पण ते पुढचं जे बोलले ते मी सगळ्यांना सांगतो. भाकरी औषध नव्हे. ज्वारीतही पिष्ट असतंच. चार भाकऱ्या हाणून बसून राहिलं तर साखर उतरत नाही. आजी-आई भाकरी खायच्या, पण मोजून, आणि ती जिरवायला दिवसभर राबायच्या. कणगीपाशी मोजलेली ज्वारी हेच खरं पथ्य होतं.

मग मी उसातलं एक एकर मोडलं आणि परत शाळू केला. बी एका पाव्हण्याकडून आणलं. बायकोला भाकरी थापायची सवय मोडली होती, सुनेला तर कधी लागलीच नव्हती. पहिल्या दिवशी भाकरी फाटली. पीठ महिन्याचं दळून ठेवलेलं होतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जाते, म्हणून आठ दिवसांपुरतंच दळावं. आणि जुनं झालंच तर बहात्तरचा उपाय आहे, कढत पाण्यात कालवायचं. मी सुनेला दाखवलं. ती म्हणाली, "मामा, तुम्हाला कसं माहीत?" मी म्हटलं, "मिलोनं शिकवलं." आता आमच्याकडे रात्रीच्याला भाकरीच असते, लोखंडी तव्यावरची. बरोबर पालेभाजी आणि वर लिंबू, कारण लिंबानं भाजीतलं लोह अंगी लागतं असं डॉक्टर सांगतात. आठवड्यातून एकदा हुलगं. कोठीत ज्वारी भरताना दाताखाली दाणा धरून बघतो, लिंबाचा पाला सावलीत वाळवतो. बांधाच्या कडेला औषध मारत नाही, तिथं तांदुळजा परत आला आहे.

दरम्यान शहरात भाकरीला मान आला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे वर्ष साऱ्या जगानं भरडधान्याचं म्हणून पाळलं. बाजारात शाळू गव्हापेक्षा महाग झाला. चांगलं झालं. पण वाड्यामागच्या घरांतली माणसं आता रेशनचा गहू खातात, कारण शाळू त्यांना परवडत नाही. ज्यांच्या हातानं तो उपटला जातो त्यांच्या ताटात तो नाही. मी दरवर्षी उपटणाऱ्यांना मजुरीखेरीज माणशी दोन पायल्या ज्वारी देतो. फार मोठं काही करतो असं नाही, जुन्या खळ्यावरची रीत होती तीच.

आई २०११ साली गेली. तेराव्याला आम्ही भावंडं बसलो होतो तेव्हा मी धाकटीला ही सगळी गोष्ट पहिल्यांदा सांगितली. तिला गोवर आठवत नव्हता, कण्या आठवत नव्हत्या. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिनं विचारलं, "दादा, त्या अर्ध्या एकरात किती ज्वारी झाली असती रं?"

मी म्हटलं, "त्या साली पीक बरं होतं. दोन पोती झाली असती."

ती डोळे पुसत हसली. म्हणाली, "म्हंजी मी दोन पोत्यांची."

ओढ्याकडच्या त्या अर्ध्या एकराला आम्ही अजून 'आजीची पट्टी' म्हणतो. नाव कुणी पाडलं ते आठवत नाही, बहुतेक आण्णांनीच, रागात. माझा शाळूचा एकर तिथंच आहे. पौषात हुरडा आला की धाकटी नातवंडं घेऊन येते. जाताना मी तिला निवडक कणसांचं बी देतो, राखेत घोळलेलं. तिच्याकडे जमीन थोडी आहे, पण ती पेरते. गेल्या साली तिची सून म्हणाली, "मामा, बी पिशवीत मिळतं की, राखेचं कशाला?" मी काही बोलायच्या आत धाकटीच म्हणाली, "असू दे. हे खाताबी येतं."